आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड

२ तारीख, सोमवार

लेकीने ही वही दिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळी मापं डोक्यात ठेवता. मला लागली तर मी काय तुमचं डोकं उघडून बघू?" मापं लिहीनच. पण इतर कुणाशी बोलता येत नाही तेही लिहीन, आणि वही हत्यारांच्या कपाटात ठेवीन. किल्ली माझ्याकडेच असते.

दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली आहे. बाई आठवडाभर लोकांच्या दाढा काढतात आणि सुट्टी मिळाली की घाटाच्या शर्यतीत गाडी पळवतात. एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घड्याळ लावून. गाडी जुनी, दोन लिटरची, चार सिलिंडरची. इंजिन माझ्या हातचं. बोअर केलंय, कॅमशाफ्ट बदललाय, एक्झॉस्ट नवा आहे. राहिला आहे तो इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे बाहेरून येणारी हवा चारही सिलिंडरांना वाटून देणारा नळ्यांचा जोड. तो अजून कंपनीचाच आहे, लांब नळ्यांचा.

आज चालवून पाहिली. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांपर्यंत झकास. त्यापुढे आवाज बसतो. कुणीतरी वरून घोंगडी टाकावी तसा. धारच नाही. वर हवा कमी पडते आहे, दुसरं काही नाही.

बाई म्हणाल्या, "नाना, तुमच्या कानाला पटेल ते करा." पंचवीस वर्षं लोक माझ्या कानावर विसंबून गाड्या सोडून जातात.

व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट ढिले असले की वाजतात, पण हे मात्र सुबक बसलेत. टिकटिक म्हणून नाही. इतके चांगले माझ्या हातून पूर्वी कधी बसले नव्हते.

४ तारीख, बुधवार

लेक गाडी डायनोवर घेऊन गेली होती. चाकं रुळांवर फिरवायची आणि ताकद मोजायची, असं ते यंत्र. ग्राफ घेऊन आली आणि माझ्यासमोर आपटला.

"रेघ बघा. सहा हजार आठशेपर्यंत चढतेच आहे. कुठे बसते? बोट ठेवा."

"रेघेला कान नसतात," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिचं म्हणणं असं: घाटात वळणं अवघड, गाडी पुन्हा पुन्हा खालच्या फेऱ्यांवर येणार, तिथून उचलायची तर लांब नळ्याच हव्यात. आखूड नळ्या आणि मोठा डबा लावला की वरची ताकद वाढते, पण खालची जाते. म्हणजे वळणातून निघताना गाडी झोपणार. फार तर आहे तोच मॅनिफोल्ड आतून घासून मोकळा करू.

हे तिला मीच शिकवलंय. चुकीचं काही बोलली नाही. पण वरचा आवाज गेलाय तो गेलायच. तिला तो ऐकूच येत नसेल तर मी काय करू?

६ तारीख, शुक्रवार

दारावरची घंटा बिघडली होती. उघडून साफ केली, तारा बदलल्या. ही म्हणते, "वाजतच होती ती. उगाच उघडलीत." हिचं बोलणंही हल्ली असंच, नळाखाली भांडी आणि भांड्यांकडे तोंड. सगळ्या घराला तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे. लेकसुद्धा डायनोवाल्याशी बोलते तेव्हा कुजबुजते. मी जवळ गेलो की दोघं गप्प.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. मी कॉम्प्रेसर चालू ठेवून काम करत होतो. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग विचारलं, काम कुणाला दाखवलंत का? जरा रागच आला. म्हटलं, "माझं काम मी कुणाला दाखवत नाही. लोकच बघायला येतात." त्या काहीतरी बोलणार होत्या, पण थांबल्या. चेहरा विचित्र झाला. बाई माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण आता त्यांचाही विश्वास डळमळतोय बहुतेक. लेकीनेच भरवलं असणार.

जाताना शर्यतीआधीच्या सरावाची तारीख सांगितली. एकतीस. घरी येऊन पाहिलं तर मंगळवार येतो. मंगळवारी यांना घाट कोण मोकळा करून देतो कोण जाणे. असो. हाताशी तीन आठवडे आहेत.

९ तारीख, सोमवार

ठिणगीकडे गेलो. हा आमचा वेल्डर. सहावीपासूनचा दोस्त. अॅल्युमिनियमवर असा टाका घालणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. खडूने जमिनीवरच काढून दाखवलं: मोठा डबा, चार आखूड नळ्या, आणि नळ्या इंजिनाला जिथे बसतात तिथे जाड सपाट पट्टी, म्हणजे फ्लँज.

"कधी हवंय?"

"घाई नाही. पुढच्या सोमवारी दे."

"लेक काय म्हणते?"

"तिला विचारून करायला ते माझं लग्न आहे का?"

तो हसला. मी पण. लेकीला मात्र अजून सांगितलेलं नाही.

१२ तारीख, गुरुवार

आज बॉनेटखाली वाकलो होतो आणि लेक मागे उभी राहून बराच वेळ बोलत होती. इंजिन चालू होतं. मी "बरं" म्हटलं. तिने माझ्या पाठीवर थोपटलं. खूश दिसली. कशावर ते कळलं नाही, पण पुन्हा विचारलं असतं तर ती ओरडून बोलली असती, आणि ती ओरडून बोलते तेव्हा म्हातारा झाल्यासारखं वाटतं.

हल्ली मी "बरं" आणि "हो" फार म्हणतो. म्हटलं की लोक निघून जातात.

१४ तारीख, शनिवार

काम काही नाही. तरी लिहितो.

हेच वर्कशॉप, हीच चार टेबलं, पत्र्याखालचा हाच उजेड. पूर्वी दार उघडलं की मला कळायचं कोण आलं, कुणाच्या बुटाला खिळा आहे, कुणाच्या गाडीचा पट्टा ढिला झालाय. आता माणूस अचानक शेजारी उगवतो आणि मी दचकतो. मला कुणीतरी बरणीत घालून झाकण लावलंय आणि बाहेर सगळं चाललंय, असं वाटतं. लोक माझ्याकडे बघून तोंड हलवतात. मी मान हलवतो.

यांना मला बाजूला करायचंय का? लेकीला वर्कशॉप हवं असेल तर सरळ मागावं. मी नाही म्हणणार नाही. पण हे कुजबुजणं नको.

हा मॅनिफोल्ड बसला आणि इंजिन पुन्हा पूर्वीसारखं गायला लागलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

१६ तारीख, सोमवार

ठिणगीचा फोन आला. मागे त्याचा ग्राइंडर. "झालाय" एवढं नीट कळलं. मग फ्लँजचं काहीतरी, मग "घेऊन मग लाव". मी म्हटलं, "हो हो, पाठव." तो म्हणाला, "नक्की ना?" म्हटलं, "अरे हो, नक्की."

घरी हिने विचारलं तेव्हाही हो म्हटलं. काहीतरी तिच्या बहिणीचं होतं.

१७ तारीख, मंगळवार

सकाळी बघतो तर दारात दोन पिशव्या आणि ही नि लेक निघालेल्या. हिच्या बहिणीचं घर बदलायचंय, शुक्रवारी संध्याकाळी परत. "काल तर हो म्हणालात," ही म्हणाली. मी म्हटलं, "म्हणालो म्हणजे म्हणालो. मला माहीत नाही का?"

लेक जाताना म्हणाली, "गाडी तयारच आहे. काही करू नका." माझ्याकडे बघून, हळूहळू. लहान मुलाला सांगतात तसं.

अकरा वाजता मॅनिफोल्ड आला. काय रूप आहे! टाके असे पडलेत की नाण्यांची चळत आडवी करून ठेवावी. दुपारपर्यंत जुना काढलाही.

१८ तारीख, बुधवार

दुपारी बाईंचा निरोप मोबाईलवर आला: "नाना, शनिवारी सकाळी सातला सराव. गाडी शुक्रवारी चारला न्यायला येते."

शनिवार म्हणजे एकवीस.

मी खुर्चीत बसलो. त्या एकवीसच म्हणाल्या असणार. इतकी साधी गोष्ट मी कशी काय...

जुना परत बसवायला अर्धा दिवस पुरेल. पण मग बाईंना काय सांगू? नवा का नाही बसवला? तारीख चुकीची ऐकली म्हणून? ज्या माणसाच्या कानावर लोक गाड्या सोडून जातात, त्याने हे सांगायचं? तासभर तसाच बसलो. जुना या हाताला, नवा त्या हाताला. मग नवा उचलला.

नवीन वेल्डिंगचा फ्लँज आधी सरळ पट्टीखाली धरून बघायचा असतो. उष्णतेने वाकतो. पण ठिणगीच्या कामात आजवर केसाचाही फरक निघालेला नाही. आणि थ्रॉटलची केबल, ब्रेकची व्हॅक्यूमची नळी, सेन्सर, सगळं नव्याने जोडायचं, हात दोनच. लावून टाकला.

१९ तारीख, गुरुवार

चालू केलं. पहिल्या झटक्याला. वर नेलं: पाच, सहा, साडेसहा. घोंगडी तशीच आहे. थोडी उचलली गेली असं वाटलं, मग वाटलं, मला हवं म्हणून वाटतंय. रिकामी चालताना फेऱ्या जरा जास्त राहतात. स्क्रूने खाली आणल्या.

बाकी काही नाही. अगदी शांत.

२० तारीख, शुक्रवार

बाई चारला आल्या. इंजिन चालू करून बॉनेट उघडं ठेवलं. त्यांनी मान तिरकी केली, काहीतरी विचारलं. "आवाज" एवढा शब्द पकडला. म्हटलं, "नव्या मॅनिफोल्डचा स्वतःचा आवाज असतो. सवय होईल." त्या पुन्हा काही म्हणाल्या, बोटाने चौथ्या सिलिंडरकडे दाखवलं. मी म्हटलं, "हो हो, असं असतंच."

"तुम्ही म्हणता तर ठीक," त्या म्हणाल्या. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

सहाला ही नि लेक आल्या. लेकीने टेबलावर जुना मॅनिफोल्ड पाहिला. पाणीसुद्धा न पिता आत गेली.

२१ तारीख, शनिवार

बाईंचा अपघात झाला. तिसऱ्या वळणावर. वळण घेताच आलं नाही, सरळ मातीच्या बांधावर गेल्या. जीव वाचला. उजवं मनगट मोडलं.

उजवं.

२३ तारीख, सोमवार

गाडी ओढून आणली. लेकीने उघडली. चौथ्या सिलिंडरपाशी फ्लँजखालचं गॅस्केट आत ओढलं जाऊन फाटलं होतं. तिथून हवा शिरली, की पाय काढला तरी इंजिन खाली येणार नाही. आणि ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम याच मॅनिफोल्डमधून येतो. तोच गेला. बाई लेकीला म्हणाल्या होत्या की पेडल दगडासारखं झालं. आता कळलं का.

लेकीने फ्लँजवर सरळ पट्टी ठेवली. चौथ्या सिलिंडरच्या टोकाशी खालून उजेड दिसला. अर्धा मिलिमीटर.

"ठिणगीने वाकडा दिला," मी म्हटलं. "आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला."

डायनोवाल्याला सांगितलं. शर्यतीच्या कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन लेकीने घेतला, त्यांनाही तेच सांगायला लावलं. बाईंच्या यजमानांना मी स्वतः सांगितलं.

२५ तारीख, बुधवार

ठिणगी आला. आत नाही आला, दारातच उभा राहिला.

"दोन जणांनी कामं परत नेली माझ्याकडची," तो म्हणाला. मोठ्याने बोलत होता, म्हणून सगळं कळलं. "मी तुला फोनवर सांगितलं होतं. फ्लँज वाकलाय, माझं सपाटीचं मशीन बंद आहे, घासून घेऊन मग लाव. तू नक्की म्हणालास. दोनदा विचारलं मी."

"असं काही बोलला नाहीस तू."

"पोरांसारखी गळ्याला हात लावून शपथ घ्यायची वयं गेली आपली. बोललो."

"खोटं बोलतोस."

तो गेला. सहावीपासूनचा माणूस माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलतो. जेवण गेलं नाही.

२६ तारीख, गुरुवार

दुपारच्या जेवणानंतर लेकीने मोबाईल पुढे ठेवला. "बाईंनी वीस तारखेला गाडी नेताना व्हिडिओ काढला होता. काल मला पाठवला. बघा."

आमचंच वर्कशॉप. बॉनेट उघडं, इंजिन चालू, बाजूला मी उभा, हातात फडकं. चांगलं चाललं होतं इंजिन. तेवढ्यात शेजारी बसलेल्या हिने कानावर हात ठेवला.

"बंद कर गं ते. काय कर्कश शिट्टी आहे!"

मी लेकीकडे पाहिलं. "कुठली शिट्टी?"

लेकीने मोबाईल माझ्या आणखी जवळ सरकवला.

"कधी येते? पुढे ने ना."

"बाबा," ती म्हणाली, "आत्ता वाजते आहे."

मी मोबाईल कानाला लावला. इंजिन ऐकू येत होतं. घुमणं, धडधड, सगळं. दुसऱ्या कानाला लावला. पडद्यावर बाईंचं बोट चौथ्या सिलिंडरकडे होतं आणि मी हसून मान हलवत होतो.

हिने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. मग म्हणाली, आणि अगदी समोर येऊन म्हणाली, "घंटा वाजत होती हो."

बारा तारखेला आपण काय बोललो, ते मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, या सरावाला जुनाच राहू द्या, नव्याचं नंतर बघू. तुम्ही बरं म्हणालात. नाहीतर मी गेले असते का?"

२८ तारीख, शनिवार

काल लेकीने कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. छोट्या खोलीत बंद करून कानांवर डबे चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. दाबलं, दाबलं, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. काचेपलीकडे बघितलं तर ती मुलगी एकेक बटण दाबतच होती.

त्यांनी कागद दिला. त्यावरही एक रेघ. डावीकडून सरळ जाते आणि मग कड्यावरून खाली. पंचवीस वर्षांचे ग्राइंडर आणि उघडे एक्झॉस्ट. गेलेलं परत येणार नाही. कानात यंत्र घातलं तर माणसांचं बोलणं कळायला मदत होईल. इंजिनाचं काय, विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले.

घोंगडी इंजिनावर नव्हतीच.

आज बाईंकडे गेलो. मनगट प्लास्टरमध्ये, त्यातून दोन खिळे बाहेर. तीन महिने तरी दवाखाना बंद. पुढे हातात पूर्वीची पकड येईल का, हे आत्ता कुणी सांगत नाही. मी सगळं सांगितलं. तारीख, फोन, पट्टी न लावणं, शिट्टी. त्यांनी मधे तोडलं नाही. मग डाव्या हाताने पेन घेतलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून कागद माझ्याकडे सरकवला.

"मी काम नव्हते म्हणाले. कान दाखवलेत का, असं विचारलं होतं."

खाली आणखी एक ओळ होती. "मी तेव्हाच कागदावर लिहायला हवं होतं."

त्यांचा दोष नाही असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. निरोप घेताना त्यांचे यजमान दारापर्यंत आले नाहीत. का यावं?

३० तारीख, सोमवार

सकाळी आधी डायनोवाल्याकडे गेलो, मग सेक्रेटरींकडे, मग ज्यांनी ठिणगीकडची कामं परत नेली त्या दोघांकडे. लेक गाडी चालवत होती. प्रत्येक ठिकाणी ती बाहेर थांबली. फ्लँज वाकडा होता, पण त्याने सांगितलं होतं, आणि लावला मी, एवढंच सांगायचं होतं. डायनोवाला म्हणाला, "नाना, तुमच्या कानांचं आम्हाला वाटलं होतंच. कोण बोलणार तुमच्यापुढे?" म्हणजे कुजबुजत होते ते हेच.

शेवटी ठिणगीचं शेड. तो वेल्डिंग करत होता. मला पाहिलं असणार, पण थांबला नाही. टाका पूर्ण केला, मग माझ्याकडे वळला. तोंडावर तो काळा मुखवटा. आत काहीतरी बोलत होता. मुखवटा वरखाली हलत होता, हात माझ्या दिशेने, दाराच्या दिशेने. मला वाटलं, चालता हो म्हणतोय. किंवा बस म्हणतोय. दोन्ही असू शकलं असतं. तोंडापर्यंत "हो" आलं होतं.

"मुखवटा काढ," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही."

त्याने मुखवटा वर केला. "काय?"

"मला ऐकू येत नाही रे. तुझा फोन आला तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. तू बोललास. मी नुसतं हो म्हटलं."

त्याने मागे जाऊन मशीनचं बटण बंद केलं. पंखा बंद केला. एक स्टूल ओढून माझ्यासमोर ठेवलं, दुसऱ्यावर मला बसवलं, आणि स्वतः असा बसला की खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर पडावा.

मग त्याने मला एक शिवी दिली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, तोंड मोठं उघडून.

पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली.